तुकड्यांना घाम फुटला तेव्हा

पदव्युत्तर प्रकल्पासाठी माझ्या वाट्याला एझेड९१ आला. मॅग्नेशियममध्ये साधारण ९ टक्के ॲल्युमिनियम आणि जेमतेम १ टक्का जस्त. काम ऐकायला सोपं होतं: ओतीव तुकडे ४१३ अंश सेल्सिअसला दिवसभर ठेवायचे, हवेत थंड करायचे, मग १६८ अंशांना १६ तास एजिंग, म्हणजे कडकपणा वाढावा म्हणून पुन्हा मंद तापवत ठेवणं.

पहिल्या खेपेला मी भट्टी आधीच ४१३ वर आणली आणि तुकडे सरळ आत सरकवले. बाहेर काढले तर पृष्ठभागावर बारीक थेंब थिजलेले, जणू धातूला घाम फुटलाय. मॅग्नेशियम वितळतं ६५० ला, मग हे काय? पुढे कळलं. ओतकामात शेवटी गोठणारा, ॲल्युमिनियम आणि जस्ताने गच्च भरलेला भाग धातूच्या स्फटिक-कणांच्या सीमांवर अडकलेला असतो. त्याला विरघळायला वेळच दिला नाही तर आधी तोच वितळतो. असे तुकडे पुन्हा सुधारत नाहीत, टाकूनच द्यावे लागतात. दुसऱ्या खेपेला २६० अंशांना तुकडे आत ठेवले आणि तापमान दोन तासांत हळूहळू चढवलं. भट्टीत कार्बन डायऑक्साइड सोडला होता, कारण हा धातू पेटला तर पाणी मारायची सोय नाही; पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी भडकते.

पॉलिशिंगचा वैताग वेगळाच. पाणी लागलं की पृष्ठभाग काळवंडतो, म्हणून शेवटचे टप्पे अल्कोहोलवर. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळे कष्ट वसूल झाले. ओतीव नमुन्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या ठिसूळ संयुगाचं, म्हणजे बीटा फेजचं, जाळं कणांच्या सीमांवर पसरलेलं होतं. ४१३ अंशांना मॅग्नेशियम एवढं ॲल्युमिनियम पोटात घेऊ शकतं, म्हणून दिवसभर तापवलेल्या नमुन्यात ते जाळं जवळपास नाहीसं झालं होतं.

कडकपणा मोजला तर तो उलट थोडा घटलेला! मी दोनदा मोजलं. सर हसले. म्हणाले, "कडकपणाच बघणार असशील तर ताणून कधी बघणार?" ओतीव अवस्थेत जेमतेम अडीच टक्के लांबणारा मिश्रधातू या अवस्थेत १५ टक्क्यांच्या आसपास लांबतो, ही पुस्तकातली संख्या तेव्हा कुठे डोक्यात शिरली. ठिसूळ जाळंच गेलं, तर तडा धावणार कुठून?

एजिंगनंतर कडकपणा चढला. यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, ९० मेगापास्कलवरून १४५ च्या घरात जातो, पण लांबणं ६ टक्क्यांवर उतरतं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची सवय असल्याने मला याहून मोठी उडी अपेक्षित होती. पण इथे कणाच्या आत पडणाऱ्या बीटाच्या पातळ चकत्या स्फटिकाच्या त्याच प्रतलाला समांतर बसतात ज्याच्यावर अणूंच्या थरांची घसरण सर्वांत सहज होते. रस्ता अडवायचा तर आडवं झोपायला हवं, या मात्र रस्त्याच्या कडेने लांब झोपलेल्या! त्यात सीमांलगत पट्ट्यापट्ट्यांचं एक वेगळंच बीटा उगवतं. पहिल्या फोटोत ते मी ओरखडे समजून नमुना पुन्हा पॉलिश केला होता.