माठातला बेस

पुण्याच्या तापकीर गल्लीत भर दुपारी स्पीकर घ्यायला गेलं की एक फायदा होतो. गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे दुकानदार हवं ते लावून दाखवतो. म्हणजे त्याला हवं ते. परवा त्याने एक ढिंच्यॅक गाणं लावलं, काउंटरची काच थरथरायला लागली, वरची पेनड्राइव्हची पाकिटं सरकली आणि तो विजयी मुद्रेने म्हणाला, "बेस बघा साहेब!"

शेजारीच यूएसबीवर चालणारी एक छोटी जोडी होती. खोक्यावर ऐटीत '१२०० वॉट', खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. आता कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबीतून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॉट. उरलेले कुठून येतात हे विचारायचं नाही. पीएमपीओ कसा मोजायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. जरा नेट लावला असता तर त्या खोक्यावर आंघोळीचं पाणीही तापलं असतं.

पण तो बेस ऐकून मला वाड्यातला माठ आठवला. शेजारच्या दादाने जुन्या बाजारातून गाडीचा एक सुटा स्पीकर आणला होता. नुसता वाजवला तर पत्र्याच्या डब्यासारखा किरकिरायचा. मग त्याने आजीचा माठ पळवला. तोंडाचा घेर जुळेना, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून कडेला बसवली, वरून एम-सील थापलं. वायर जोडली आणि जिन्याखालच्या कोनाड्यातून असा काही धुमधुमाट उठला की वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटत खाली आले. आजीचं म्हणणं वेगळंच होतं. "पाणी प्यायला माठ नाही, आणि ह्यांच्या गाण्याला माठ!"

कारण साधं आहे. स्पीकरचा कागद पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. उघड्यावर दोन्ही लाटा एकमेकींना गिळतात, खालचे सूर मरतात. माठ मागची लाट कोंडून ठेवतो. फक्त माठाचा स्वतःचा एक सूर ठरलेला असतो. गाणं कुठल्याही पट्टीतलं लावा, खाली आपलं तेच 'धुम'. स्वस्तातल्या टू पॉइंट वनच्या, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि बेसचा एक डबा अशा संचाच्या, वूफरचंही बहुतेक वेळा तेच. फरक इतकाच, की त्याला निळा दिवा असतो.

म्हणून मी दुकानात तानपुरा लावतो. फोनवरचा, काळी एक पट्टीतला. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार तिथे जेमतेम ६९ हर्ट्झवर येते. दोन इंची स्पीकरच्या आवाक्यात ती नाहीच, तरी ऐकू येते. वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा खर्ज स्वतःच भरतो. स्वस्त पण प्रामाणिक स्पीकर मेंदूला हे काम करू देतो. माठछाप वूफर मध्येच स्वतःचा सूर घुसवतो.

दुकानदाराने बराच वेळ तानपुरा ऐकला. मग हळूच विचारलं, "साहेब, गाणं कधी सुरू होणार?"

शेवटी ती अडीच वॉटवालीच जोडी घेतली. टेबलावर आहे. दिवसभर तिच्यातून ऑफिसची मंडळी एकच विचारत असतात, "माझा आवाज येतोय ना?" येतोय म्हणतो. कसा येतोय, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.