आमची वाटचाल: घड्याळ सोडलं, क्रमांक धरला

गोदामांच्या आवक-जावकीचं सॉफ्टवेअर बनवणारी आमची फर्म छोटी आहे आणि तिची बरीचशी वर्षं सुरळीत गेली. त्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचं आहे ते साठवण आणि सिंकचा (टॅबलेट आणि सर्व्हरवरचा डेटा एकमेकांशी जुळवण्याचा) थर आतून नवा केला त्या काळाबद्दल, कारण त्या काळात आमच्याबद्दल बरंच खोटं बोललं गेलं.

रचना ओळखीचीच होती. प्रत्येक टॅबलेटवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, सर्व्हरवर पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस आणि मध्ये एका बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतलेलं सिंक मॉड्यूल. हे मॉड्यूल प्रत्येक ओळीतली 'शेवटचा बदल' ही वेळ बघायचं. ज्याची वेळ नंतरची, त्याची ओळ ठेवायचं. ती वेळ यायची टॅबलेटच्या घड्याळातून. एखादं घड्याळ सात मिनिटं मागे असलं की त्यावर नंतर केलेली दुरुस्ती जुनी ठरून गुपचूप पडायची. एकाने रॅक बदलला, दुसऱ्याने मुदतीची तारीख सुधारली, तर अख्खी ओळच जात असल्यामुळे दोनपैकी एकाचं काम पुसलं जायचं. खोडलेल्या नोंदी परत उगवायच्या, कारण 'खोडलं' याची नोंदच कुठे नव्हती. दुसऱ्या टॅबलेटवर ती ओळ दिसली की मॉड्यूल तिला नवीन समजून वर पाठवायचं.

आम्ही हे पुराव्यानिशी त्या कंपनीला दाखवलं. उत्तर आलं, की घड्याळं नीट ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. थोड्याच काळात तीच कंपनी स्वतःचं तयार उत्पादन घेऊन आमच्या ग्राहकांच्या दारात उभी राहिली आणि 'यांचा डेटा हरवतो, जुनं फेका' असं सांगू लागली. डेटा हरवत होता तो त्यांच्याच मॉड्यूलमध्ये. काही ग्राहक गेले, काहींनी पैसे अडवले, आणि फर्म बंद करण्याची भाषा आमच्याच टेबलावर सुरू झाली.

एक पेढी मात्र हलली नाही: औषधांची ठोक विक्री करणारी. तिथल्या स्टोअरकीपर बाई प्रत्येक तफावतीसोबत बॅच नंबर, टॅबलेट क्रमांक आणि भिंतीवरच्या घड्याळाशेजारी धरलेल्या टॅबलेटचा फोटो पाठवायच्या. म्हणाल्या, "साहेब, माल कुठे गेला ते मी शोधते. आकडा कुठे गेला ते तुम्ही शोधा." घड्याळांमधला फरक सिद्ध झाला तो त्या फोटोंमुळे.

सगळं नव्याने लिहायचा सल्ला आम्ही मानला नाही. आधी स्क्रीनच्या कोडमध्ये विखुरलेलं एसक्यूएल (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) एका साठवण मॉड्यूलमागे आणलं. वागणूक तीच ठेवली आणि जुनी वागणूक, चुकीचीसुद्धा, टेस्टमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, बांधून टाकली. हे केल्याशिवाय सिंकला हात लावू नये. नाहीतर बिघाड कोणत्या बदलाने झाला ते कळत नाही.

मग बदलांची यादी. टॅबलेटवर नोंद आणि तिची 'पाठवायचं आहे' ही ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची, म्हणजे लिहिली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. प्रत्येक बदलाला टॅबलेटवरच युयुआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळखक्रमांक) द्यायचा आणि सर्व्हरवर त्याच्यावर युनिक इंडेक्स ठेवायचा, म्हणजे तोच युयुआयडी दोनदा नोंदला जात नाही. पोच वाटेत हरवून तोच बदल दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हर तो सोडून देतो आणि पोच पुन्हा पाठवतो. साठ्याची शिल्लक पाठवणं बंद केलं. रोजकीर्द, म्हणजे एकेक हालचाल, पाठवायची, खतावणी सर्व्हरने करायची: १०० नगांतून दोघांनी १० आणि ५ काढले, तर शिल्लक पाठवल्यावर ९० किंवा ९५ राहायचे, हालचाल पाठवल्यावर ८५ येतात.

खरी मेख क्रमांकात आहे. घड्याळाऐवजी सर्व्हरने प्रत्येक बदलाला चढता क्रमांक द्यायचा आणि टॅबलेटने 'अमुकच्या पुढचे द्या' म्हणायचं, इथवर सगळे येतात. पण पोस्टग्रेसची सीक्वेन्स (ओळीने क्रमांक देणारी सोय) क्रमांक देते तो कमिटच्या, म्हणजे बदल पक्का होण्याच्या, आधी. १०४ घेतलेलं ट्रान्झॅक्शन रेंगाळलं आणि १०५ आधी कमिट झालं, तर त्याच क्षणी विचारणारा टॅबलेट १०५ घेऊन पुढे जातो आणि १०४ त्याला कधीच मिळत नाही. टेस्टमध्ये हे दिसत नाही, गर्दीच्या वेळीच होतं. म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी काउंटरची एक ओळ ठेवली आणि ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी ती अपडेट करून क्रमांक घेतला. ओळीचं लॉक (दुसऱ्याला थांबवून ठेवणारं कुलूप) कमिटपर्यंत सुटत नाही, त्यामुळे क्रमांकाचा आणि कमिटचा क्रम एकच राहतो. एकाच ग्राहकाच्या नोंदी रांगेत येतात, इतकीच किंमत. ती द्यावी.

खोडलेल्या ओळींच्या खुणा सर्व्हरवर १८० दिवस ठेवल्या. त्याहून जुना क्रमांक घेऊन आलेल्या टॅबलेटला आधी त्याच्याकडचे न पाठवलेले बदल वर ढकलायला लावायचे, मगच पूर्ण प्रत द्यायची. हा क्रम उलटा झाला तर काम गेलं.

एसक्यूलाइटकडेही बघा. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या वॉल फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) लावा, पण फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका. वाचून मग लिहिणारं ट्रान्झॅक्शन 'बिगिन इमिजिएट'ने, म्हणजे लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच घेऊन, सुरू करा. नाहीतर मध्ये दुसऱ्याने लिहिलं की 'बिझी'ची एरर तडक येते आणि टाइमआउट वाढवूनही जात नाही. बॅकअप म्हणून नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर वॉल फाइलमधले ताजे बदल राहून जातात. २०१९च्या ३.२७ आवृत्तीपासून 'व्हॅक्यूम इन्टू' ही पूर्ण प्रत काढणारी आज्ञा आहे, ती वापरा.

साठवण बदलताना जुन्या आणि नव्या दोन्ही साठवणींत लिहीत राहिलो, वाचन जुन्यातून. दोन्हींकडे एकाच क्रमांकापर्यंतचा डेटा घेऊन, हजार-हजार ओळींच्या गठ्ठ्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले, तो बदलला की बदलणारे आकडे) ताडले. फरक निघाले ते बहुतेक तीन जातींचे: नल (किंमतच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग (किंमत आहे, पण अक्षर नाही), टाइमझोन नसलेल्या वेळा, आणि दशांशात ठेवलेलं प्रमाण. शेवटच्यासाठी लहानात लहान एककात पूर्णांक ठेवला. पहिलं वाचन वळवलं ते औषधांच्या पेढीचं, बाईंच्या संमतीने. वार्षिक साठामोजणीत त्यांचे आकडे बॅचसकट जुळले.

गेलेल्यांपैकी काही ग्राहक परत आले. त्या कंपनीने आपलं बोलणं कधी मागे घेतलं नाही. आमच्या टेबलांत 'शेवटचा बदल' हा कॉलम अजून आहे, फक्त स्क्रीनवर दाखवण्यापुरता. सिंकचा कोड तो वाचत नाही, आणि कोणी वाचायला लावला तर टेस्ट नापास होते.