दुतोंड्या मारुती आणि एक निळी पट्टी

माझा भाचा तिसरीत असताना गोष्टीचे पुस्तक समोर आले की त्याला हमखास तहान लागत असे. त्याला वाचता येत नव्हते, असे मुळीच नव्हते. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर आणि क्रिकेटचा धावफलक तो न अडखळता वाचत असे. ज्या नाशिकमध्ये १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे पुस्तके मिळत नाहीत अशी तक्रार करण्याचीही सोय नव्हती. मी स्वतः अनेक वर्षे पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करत आले आहे, म्हणून त्याचा हा कंटाळा माझ्या मनाला फार लागला, आणि त्याला रागे भरण्यापेक्षा त्याच्यासाठी एक पुस्तक आपणच बांधून पाहावे असे मी ठरवले.

पहिला प्रयत्न खिडक्यांच्या पुस्तकाचा होता. प्रत्येक पानावर दोन ओळींची गोष्ट आणि तिच्याखाली उघडता येणारी कागदी खिडकी, अशी मांडणी मी केली होती. भाच्याने आणि आमच्या इमारतीतील आणखी चार मुलांनी सगळ्या खिडक्या दोन मिनिटांत उघडून पुस्तक परत दिले. खिडकीमागे काय होते ते प्रत्येकाला आठवत होते, पण ओळी एकानेही वाचलेल्या नव्हत्या. त्यात मुलांची काहीच चूक नव्हती. खिडकी उघडण्यासाठी ओळ वाचण्याची गरजच मी ठेवली नव्हती, त्यामुळे खेळ आणि मजकूर एका पानावर असूनही एकमेकांना परके राहिले होते. वाचल्याशिवाय पुढे सरकणार नाही असा खेळ कोणता, हा प्रश्न मग कित्येक दिवस डोक्यात राहिला.

उत्तर पावसाळ्याने दिले. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर क्युसेकच्या आकड्यांपेक्षा एकच गोष्ट एकमेकांना विचारतात, ती म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले. गोदाघाटावरची ही उंच मूर्ती म्हणजे आमच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुराची पिढ्यान्‌पिढ्यांची मोजपट्टी आहे. अशाच एका दिवशी फोनवर बहीण सांगत होती, "कमरेला लागलं म्हणतात," आणि शेजारी बसलेला भाचा वहीच्या कोपऱ्यात मारुती काढून त्याच्या कमरेवर रेघ मारत होता. वाक्य ऐकायचे आणि पाणी तिथवर चढवायचे, एवढाच तो खेळ होता. ऐकण्याच्या जागी वाचणे आले की माझे पुस्तक तयार होणार होते.

मागचे मुखपृष्ठ मी आतील पानांपेक्षा चार इंच रुंद ठेवले आणि त्या वाढीव भागावर मारुती काढला, म्हणजे कोणतेही पान उघडले तरी मूर्ती उजवीकडे दिसत राहते. मूर्तीवरून खालीवर सरकणारी निळी पारदर्शक पट्टी म्हणजे पाणी. सुरुवातीला मी जिलेटीन कागद वापरला, पण तो दोन दिवसांत चुरगळला; मग फाइलच्या निळ्या प्लॅस्टिक कव्हरातून पट्टी कापली, ती टिकली. मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद घेतला, आणि घडीच्या जागी आधी क्रिझिंग करून, म्हणजे दाबून रेघ उमटवून घेतली, नाहीतर जाड कागदाची घडी फाटते.

अक्षरांवर मात्र मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण मुलांच्या पुस्तकांत चित्रांची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी अक्षरांची घेतली जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार येतात, खाली उकार येतात. ओळी जवळ बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो आणि नवा वाचक तिथेच अडतो. म्हणून अक्षर २४ पॉइंटचे घेतले, ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा सोडली आणि एका पानावर दोनच ओळी ठेवल्या. ओळ कुठे तोडायची हे कागदाच्या रुंदीवर न सोडता, मोठ्याने वाचताना जिथे श्वास थांबतो तिथे तोडली. संगणकावरच्या पुष्कळ फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. शाळेत शिकवलेले वळण ज्यात मिळाले, तोच फॉन्ट निवडला.

मजकूर सूचनांचाच होता. ‘पाणी मारुतीच्या घोट्यांना लागले’ हे वाचून मुलाने पट्टी तिथवर ओढायची. चौथ्या पानावर मी लिहिले, ‘धरणाचे दरवाजे अजून बंद आहेत. पट्टीला हात लावू नकोस.’ पाचव्या पानावरचा प्रश्न होता, ‘पाणी अजून घोट्यांशीच आहे ना?’ एका शनिवारी पुस्तक त्याच पाच मुलांना दिले, तेव्हा पाचांपैकी तिघांनी चौथ्या पानावर सवयीने पट्टी ओढली, पाचव्या पानावर ते दचकले आणि मागे जाऊन पहिल्यापासून वाचू लागले. त्यांतली एक मुलगी तर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचू लागली. कोणीही सांगितलेले नसताना एखादे मूल मागचे पान पुन्हा वाचते, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

भाच्याने पुस्तक तीनदा वाचले आणि मग रागावून विचारले, "मावशी, पूर उतरत कसा नाही?" माझे पुस्तक पाणी छातीला लागते तिथेच संपत होते. मी त्याला सांगितले की मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात पाने चारच्या पटीतच वाढवता येतात, म्हणून बाराची सोळा करायची तर पाणी उतरण्याची चार वाक्ये लागतील. तो वही घेऊन बसला. ‘पाणी कमरेवर आले’, ‘पाणी गुडघ्यावर आले’ आणि ‘दुकानदार चिखल काढत आहेत, पट्टी खाली ने’ अशी तीन वाक्ये त्याने लिहिली आहेत, आणि ती मी त्याच २४ पॉइंटमध्ये जुळवली आहेत. चौथ्या नव्या पानासाठी त्याला अजून वाक्य सापडलेले नाही, आणि मीही ते सुचवलेले नाही.