तुम्ही विचारलेत म्हणून : अर्धा चमचा मीठ

आरोग्याची माहिती मालिकांच्या कथानकात गुंफण्याचे काम मी करते, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : शिकवायचेच आहे तर सरळ शिकवा, करमणुकीच्या आडून कशाला? आजवर मी वेळ मारून नेली. आता एकदा नीट उत्तर देते.

'आडून' हा शब्द मला लागतो. १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' हा बोलक्या बाहुल्यांमार्फत मुलांना अक्षरे शिकवणारा अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी त्याचे नमुना भाग मुलांना दाखवण्यात आले, तेव्हा नुसती माणसे असलेल्या रस्त्यावरच्या दृश्यांत मुलांचे लक्ष उडत होते. खरे आणि काल्पनिक यांची मुलांच्या मनात गल्लत होईल, म्हणून बाहुल्यांना त्या दृश्यांपासून वेगळे ठेवा, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. तो बाजूला ठेवून बाहुल्या रस्त्यावर आणल्या गेल्या. यात लपवाछपवी कोणती? मूल ज्याच्याकडे टक लावून पाहते, त्याच्याच तोंडून अक्षरे ऐकवली, एवढेच.

हे मी व्याख्यानांतून ठासून सांगत असे. मग जलसंजीवनीचा भाग आला.

कथेतल्या बाळाला जुलाब लागतात आणि आई घरीच मीठ-साखरेचे पाणी करते, असा प्रसंग मी लिहिला होता. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर आणि मीठ आतड्यातून जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात जाते, म्हणून प्रमाणाला महत्त्व. मीठ जास्त झाले तर हेच पाणी बाळाला घातक ठरते. आई चमच्यावरचा मिठाचा ढीग बोटाने सपाट करते, असे दृश्य आम्ही चित्रित केले होते. संकलनात ते रेंगाळते असे ठरले आणि त्या जागी आईचे डबडबलेले डोळे आले. मी विरोध केला नाही. प्रमाण संवादात आहेच, असे मीच म्हणाले. प्रत्यक्षात तो संवाद पार्श्वसंगीतात बुडाला आणि प्रेक्षकांना दिसला तो फक्त मिठाच्या बरणीत जाणारा आईचा हात.

काही आठवड्यांनी एका प्रेक्षक बाईंचे पत्र आले. मालिकेतल्या आईने केले तसेच आपण केले, बरणीत हात घालून मूठभर मीठ घेतले, बाळ अधिकच मलूल झाल्यावर मात्र धावतपळत रुग्णालय गाठले, असे त्यांनी लिहिले होते. बाळ वाचले. पत्र आभाराचे होते; मालिकेमुळे काहीतरी करायचे सुचले, याबद्दल त्यांनी मला धन्यवाद दिले होते. ते पत्र मी अजून कोणाला दाखवलेले नाही.

तुम्ही म्हणाल, बघा, म्हणूनच सरळ शिकवा. पण याच पत्रात एक ओळ अशीही होती की, प्रमाण छापलेले माहितीपत्रक घरात होते आणि ते कोणी वाचले नव्हते. सरळ शिकवणे त्या घरात आधीच पोहोचून निकामी ठरले होते. हा बचाव मला खरा वाटतो, आणि तरी तो पुरत नाही, कारण न वाचलेल्या पत्रकाने कोणाच्या हातात मूठभर मीठ दिले नव्हते.

'हम लोग' मालिकेचे उदाहरण मला तेव्हाही ठाऊक होते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत कुटुंब नियोजनाचा संदेश सुरुवातीला जड झाला म्हणून सौम्य करावा लागला. आणि जिची फरफट पाहून विचार करावा अशी अपेक्षा होती, ती सोशिक आईच काही प्रेक्षकांना आदर्श वाटली, असे अभ्यासकांना पुढे आढळले. ही दुसऱ्यांची चूक म्हणून मी श्रोत्यांना समजावून सांगत असे. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते की, डोळे भरून आलेल्या प्रेक्षकाचे लक्ष चमच्याकडे जाईल, हे तू कशाच्या बळावर गृहीत धरलेस? ती उत्तर देईल की, डोळे भरून आले नसते तर त्या बाई पाणी करायला उठल्याच नसत्या. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही.

सध्या हाच प्रसंग मोबाइलवरच्या मिनिटभराच्या चित्रफितीसाठी मी पुन्हा लिहीत आहे. चमचा सपाट करण्यासाठी मी आठ सेकंद मागितले आहेत आणि निर्माते चार देऊ करत आहेत. त्यांना अजून होकार दिलेला नाही.