आडव्या रेघेनंतर

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात, जाऊन ‘एटीमेगा ३२८ द्या’ (हा एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायची छोटी संगणक-चिप) म्हणणे हे सदाशिव पेठेत उभे राहून ‘जोश्यांचे घर कोणते’ असे विचारण्यासारखे आहे, हे मला तसे पाच आयसी, म्हणजे चिप, विकत घेतल्यावर कळले. घरी येऊन पुडी उघडली, तर आत नखाएवढे काळे चौकोन निघाले: प्रत्येक बाजू ७ मिलिमीटर, चारही कडांना मिळून ३२ पाय आणि लगतच्या दोन पायांत ०.८ मिलिमीटर अंतर. माझ्या ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता पाय खोचून जोडणी करायच्या पाटीची, भोके २.५४ मिलिमीटरवर. दुकानदाराने फसवले नव्हते. बिलावर ‘३२८पी-एयू’ असे स्वच्छ लिहिले होते. मला हवे होते ते ‘पीयू’, म्हणजे दोन रांगांत २८ पायांचे लांबट, डिप नावाने ओळखले जाणारे रूप.

शाळेत विभक्तीचे प्रत्यय पाठ करताना मूळ शब्दापेक्षा त्याच्या शेवटाकडेच अधिक पाहावे लागे, तसेच येथे आहे. आडव्या रेघेनंतरचे पहिले अक्षर बाह्यरूप सांगते. ‘एम’ असेल तर पाय बाहेर येतच नाहीत, जोडणीचे पत्रे पोटाखाली असतात, आणि साध्या सोल्डरिंग गनवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. मागचा ‘यू’ म्हणजे पाय शिसेविरहित आणि आयसी उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा.

खरी गंमत ‘पी’ची आहे. रेघेनंतरचा ‘पी’ प्लास्टिक डिपचा, तर रेघेआधीचा ‘पी’ कमी वीज खाणाऱ्या पिकोपॉवर जातीचा. पुढच्या खेपेस ही रेघ नीट न पाहता मी ‘३२८-पीयू’ आणले. पाय तेवढेच, स्मृती तीच ३२ किलोबाइट. पण आयसीत प्रोग्रॅम भरणाऱ्या एव्हीआरडूड या सॉफ्टवेअरने तो भरण्यास नकार दिला, कारण आयसीच्या आत कोरलेली ओळख ३२८पीची १ई ९५ ०एफ अशी अपेक्षित असताना १ई ९५ १४ अशी आली. एका अक्षरासाठी अख्खा रविवार गेला.

एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या घराण्याची रीत वेगळी. एसटीएम३२एफ१०३सी८टी६ या लांबलचक नावात ‘सी’ म्हणजे ४८ पाय, ८ म्हणजे ६४ किलोबाइट स्मृती, ‘टी’ म्हणजे चारही बाजूंना पाय असलेला चपटा आकार आणि ६ म्हणजे ८५ अंशांची मर्यादा. ६ च्या जागी ७ आला की ती १०५ होते. ‘आठ आठे चौसष्ट’ म्हणून स्मृतीचे मान मी लक्षात ठेवले, पण त्यात काही तर्क नाही, कारण ८ च्या जागी ‘बी’ आला की १२८ होतात.

ते पाच चौकोन मात्र वाया गेले नाहीत. डिपपेक्षा त्यांना दोन अॅनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारा व्होल्टेज मोजणारे पाय) जास्त असतात, हे नंतर माहितीपत्रकात सापडले, आणि छोट्या अॅडाप्टर पट्टीवर एक-एक डागून मी ते वापरू लागलो. आता दुकानात जाताना चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून नेतो आणि त्यातली आडवी रेघ दोनदा गिरवतो.