उत्तर आलं, तरी फोड कशाला?

तुम्ही सगळे सहज विचारता. "शब्दकोड्यातला शब्द चौकटीत बसला ना? आडवी-उभी अक्षरं जुळली ना? मग पुढे जा की. त्याची फोड करत अर्धा तास कशाला घालवतेस?" बहिणीनं विचारलं, शेजारच्या वहिनींनी विचारलं, विद्यापीठात माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे सहकारी तर मी निवृत्त होईपर्यंत विचारत होते. मी दर वेळी "आवड आहे" म्हणून विषय मिटवला. तेवढं सांगून भागत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. आता एकदा नीट सांगते.

मी सोडवते त्या कोड्यांतले क्लू क्रिप्टिक, म्हणजे मुद्दाम फसव्या शब्दांत दिलेल्या सूचना. अशा क्लूमध्ये उत्तराकडे दोन वाटांनी जाता येतं, आणि त्या दोन्ही उलगडून दाखवणं म्हणजे फोड. एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात शब्दांचा खेळ. मी मराठीत जुळवलेले दोन क्लू देते, म्हणजे अंदाज येईल; कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. "चहा असतो इथे, पगारात होते ही (३)": कपात. "तिने साकारलेली, पण आत कडू भाजी (३)": 'साकारलेली'च्या पोटातली तीन अक्षरं वाचा, कारले. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळाल्या की पेन टेकवायचं. एकाच वाटेनं गेलात तर तो अंदाज. अंदाज बरोबर निघतोही, नाही असं नाही. पण क्लू बनवणाऱ्यानं तुमच्यासाठी दुसरी वाट मुद्दाम बांधलेली असते आणि तुम्ही तिच्याकडे बघितलेलंही नसतं.

हे खूळ माझ्या एकटीचं नाही. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात टॉर्केमाडा या नावानं कोडी देणारे पॉविस मॅदर्स १९३९ साली गेले आणि त्यांच्या जागी डी. एस. मॅकनट आले, झिमेनीझ हे नाव घेऊन. दोन्ही नावं स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची. झिमेनीझनं शिस्त घालून दिली: क्लूमध्ये नेमका अर्थ असावा, न्याय्य शब्दखेळ असावा, आणि तिसरं काहीही नसावं. त्या शिस्तीनं मोजलं तर माझ्या कारल्याच्या क्लूमधला 'तिने' फालतू ठरतो. मला तो हवा आहे, त्याच्यामुळे वाक्यात बाई उभी राहते. पण झिमेनीझनं तो खोडला असता, आणि मला वाद घालता आला नसता.

"हा सगळा इंग्रजांचा उद्योग" असंही तुमच्यातले काही जण ऐकवतात. महाभारत सांगताना गणपतीची लेखणी थोडी थांबावी म्हणून व्यासांनी आठ हजार आठशे कूटश्लोक घातले, ही गोष्ट तुम्हीच पोरांना सांगता ना? "केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः" हे चरण घ्या. ऐकताना वाटतं, कृष्ण पडला आणि द्रोणाचार्यांना आनंद झाला. 'के शवम्' असं तोडलं की पाण्यात प्रेत येतं, आणि द्रोण म्हणजे डोमकावळा. ज्यानं हे तोडून पाहिलं नाही त्याला श्लोक पाठ असेल, कळलेला नाही. एवढंच की आपल्याकडे मात्रा अक्षराला चिकटलेली असते. इंग्रजीत सुटी अक्षरं हवी तशी पिसता येतात, मराठीत 'कलम'चं 'कमल' करता आलं तरी फार दूर जाता येत नाही. आपली ताकद उलटवण्यात आणि तोडण्यात. वाल्या 'मरा मरा' म्हणत गेला आणि राम निघाला, ही उलट्या क्लूची गोष्ट आहे असं माझे मामा म्हणत.

मामांनीच मला यात आणलं. बडोद्यात रावपुऱ्यात राहत, रेल्वेच्या हिशेबखात्यात होते. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनना बोलावून जी ग्रंथालयं उभी केली, त्यांतलं मांडवीचं सेंट्रल लायब्ररी मामांच्या लेखी शब्दकोश बघायची जागा होती. कॉलेजात असताना मी अगदी तुमच्यासारखीच होते. उत्तर सुचलं की भरायचं. मामा माझी पूर्ण भरलेली चौकट घेत आणि एकेका शब्दाशी पेन्सिल टेकवून विचारत, "कशावरून?" सांगता आलं नाही की त्या शब्दावर हलकी रेघ. बरोबर उत्तरावरसुद्धा रेघ! मी चिडायची, म्हणायची, उद्या उत्तरं छापून येतील तेव्हा बघा. त्या मुलीशी मी अजूनही मनात वाद घालते, आणि ती दर वेळी हरते असं नाही. मजा वेगात असते, असं ती म्हणते. ते खोटं नाही.

आता ते सांगते, ज्यावरून मला घरात दुष्ट म्हटलं गेलं.

मामांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, मग थोडं परत आलं. इंग्रजी जवळजवळ पुसलं गेलं होतं. पेपरातलं कोडं समोर धरलं तर ते मान फिरवत. मराठी शब्द एकेक करून येत, कधी भलत्याच जागी. पाणी हवं असलं की "किल्ली" म्हणत. डॉक्टर येऊन नाव विचारत, वार विचारत, बोटं मोजायला लावत. मामा कधी सांगत, कधी नाही. त्या प्रश्नांतून मला काहीच कळत नव्हतं. वार तर मलाही निवृत्तीनंतर आठवत नाही.

म्हणून मी घरी बसून त्यांच्यासाठी मराठी क्लू जुळवले. मोठ्या अक्षरांत, एका कागदावर एक. पहिला वाचून दाखवला: "गरीब माघारी फिरला तर विश्वामित्री (२)."

मामा लगेच म्हणाले, "नदी."

मामींनी हात जोडले. मामेभाऊ दारातून आत आला. कित्येक दिवसांत इतका स्वच्छ, योग्य जागी पडलेला शब्द कुणी ऐकला नव्हता. आणि मी विचारलं, "कशावरून, मामा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हणाले, "नदी." मी 'गरीब' या शब्दावर बोट ठेवलं. ते "नदी, नदी" म्हणत राहिले, आवाज चढत गेला, डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर मारायला लागले. डोळे भरून आले होते. मामेभावानं कागद माझ्या हातातून काढून घेतला. "ताई, उत्तर बरोबर आलंय ना? मग त्यांना कशाला छळतेस?"

बघा, तुमचाच प्रश्न.

तेव्हा मला बोलता आलं नाही, आता सांगते. बडोद्यात विश्वामित्री म्हटलं की नदी हा शब्द आपोआप येतो. त्याला कोडं सुटावं लागत नाही. मामांनी 'दीन' पाहिला, तो मनात उलटा फिरवला आणि नदीशी पोचले, की फक्त ओळखीचं नाव ऐकून ओळखीचा शब्द तोंडी आला? दोन्ही वेळा उत्तर तेच. फरक फोडीत होता. पहिलं खरं असेल तर ज्यांनी माझ्या बरोबर उत्तरांवरही रेघा मारल्या ते मामा आत शाबूत बसले होते, फक्त बाहेर यायला वाट नव्हती. मला ते जाणून घ्यायचं होतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर नसतं जाणून घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. कपातीचा क्लू पर्समध्ये होता. तो मुद्दाम निवडला होता, कारण त्यात नुसत्या ओळखीवर निभावत नाही. मामींनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मी उठताना पदर सावरत म्हणाल्या, "आज कागद नको हं, बाळ." मी नाही काढला. मामा त्यानंतर चार महिने होते. मी त्यांना कोडं पुन्हा घातलं नाही.

मामेभाऊ मला टाळत नाही. गणपतीत जेवायला बोलावतो, मीही जाते. पण हा विषय निघतोच. तो म्हणतो, "तू बाबांना परीक्षेला बसवलंस." मी म्हणते, मी त्यांच्याशी आमच्या भाषेत बोलत होते, त्यांनी आयुष्यभर मला हाच एक शब्द विचारला, मी तोच परत विचारला. मामी असत्या तर त्यांनी कुणाची बाजू घेतली असती, यावरही आमचं एकमत नाही.

या वर्षी त्यानं नवीन मुद्दा काढला. म्हणाला, "विश्वामित्री म्हटल्यावर शेंबडं पोरही नदीच म्हणेल, हे तुला ठाऊक होतं. मग पहिलाच क्लू तो का दिलास? कपातीचा का नाही?" मी त्याला सांगितलं की मला त्यांच्या तोंडून एक तरी शब्द बरोबर यायला हवा होता. तो म्हणाला, "मग तो आला तेव्हा थांबायचं होतंस."