वरळी सीफेसला राहते, पण चिवडा सादळतो

परवा एका लग्नात माहेरकडच्या एका मावशींनी विचारलं, कुठे असतेस गं हल्ली. म्हटलं वरळीला. वरळीला कुठे? सीफेसच्या मागे. झालं! मावशींनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, साडी बघितली, गळ्यातलं बघितलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हिची मजा आहे बाई, समुद्रासमोर राहते." मी नेहमीसारखी हसले. आता त्यांना काय सांगणार की मावशी, ज्या साडीकडे तुम्ही टक लावून बघताय तिला बुरशीचा वास येऊ नये म्हणून ती दोन दिवस गच्चीत वाळत होती.

तर एकदाचं लिहूनच टाकते.

आमचं घर म्हणजे सासऱ्यांनी १९६७ साली पागडीवर, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने, घेतलेली जागा. तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. ३८० स्क्वेअर फूट, त्यात आम्ही चौघं आणि सासूबाई. भाडं महिन्याला ४१२ रुपये, पावती अजून सासऱ्यांच्याच नावावर, ते जाऊन अकरा वर्षं झाली. मालकाला म्हटलं की तो म्हणतो करू करू. घर विकायचं म्हटलं तर मालकाला त्याचा हिस्सा द्यायचा, आमच्याकडे तिसरा हिस्सा सांगतात. आणि बँकेत जाऊन यावर लोन द्या म्हटलं तर समोरचा माणूस पावती हातात घेऊन अशी उलटीसुलटी करून बघतो की बास. म्हणजे बघा, करोडोंच्या एरियात राहायचं आणि घर गहाणसुद्धा टाकता येत नाही. डोंबिवलीला माझ्या भावाचा टू बीएचके आहे, मॉड्युलर किचन, दोन बाल्कन्या, लिफ्ट, तळाला पार्किंग, आणि तो मला म्हणतो, "ताई, तुझं बरंय, तू टाऊनात."

मे २०२५ मध्ये बातमी आली होती, आमच्याच सीफेसवर दोन डुप्लेक्स मिळून ६३९ कोटींना गेले. स्क्वेअर फुटाला साधारण दोन लाख त्र्याऐंशी हजार. त्या रात्री मी मोबाईलवर हिशोब करत बसले. आमची मोरी वीस फूट असेल नसेल, म्हणजे छप्पन लाखांची. दुसऱ्या दिवशी बादलीत गिझरचं पाणी सोडताना मला इतकं हसू येत होतं की लेकाने बाहेरून दार वाजवलं, आई काय झालं. म्हटलं काही नाही रे, छप्पन लाखांत आंघोळ करतेय.

तो गिझर पण गेल्या वर्षीचा. आधीचा खालून कुजला. इथे सगळंच कुजतं. २००३ ला लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं समुद्र म्हणजे खिडकीतून बघायची गोष्ट, पण तो तुमच्या घरात राहायला येतो आणि एकेक वस्तू खातो. बिजागऱ्या, नळाच्या चकत्या, पंख्याच्या पात्यांचे स्क्रू, शिलाई मशीन, इस्त्रीची पिन. टीव्ही बिघडला की मेकॅनिक मागचं झाकण उघडतो, आतला हिरवट थर मला दाखवतो आणि म्हणतो, "ताई, हवा." बस, एवढंच निदान. एसीचं आउटडोअर युनिट समुद्राकडच्या भिंतीला लावलं होतं, त्याची कॉइल तिसऱ्या उन्हाळ्यात हातात चुरा होऊन आली. आता मागच्या भिंतीला आहे, तिथे कबुतरं आहेत, तो वेगळा विषय.

आल्या आल्या सासूबाईंनी मला पहिली गोष्ट काय शिकवली असेल तर कडी-कोयंड्याला खोबरेल तेल लावायचं. दर शनिवारी. जुन्या बनियनचा बोळा, त्यावर दोन थेंब, आधी कोयंडा, मग कडी, मग खिडक्यांचे आडणे. मला वाटलं मारुतीचं काही असेल! एकदा त्या आजारी होत्या आणि माझ्याकडून तीन शनिवार राहिलं, चौथ्या आठवड्यात सकाळी दूधवाला बाहेर आणि आम्ही आत, कडी हलेचना. शेवटी नवऱ्याने वरवंट्याने ठोकली. सासूबाई पलंगावरून काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

पावसाळ्यात तर विचारूच नका. मीठ पाघळतं म्हणून त्यात तांदळाचे दाणे टाकायचे हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण आमच्याकडे ते तांदूळपण ओले होतात. कपाटात एक पिवळा बल्ब कायम चालू, सासूबाईंच्या पैठणीसाठी. (बल्ब आता मिळत नाहीत, एलईडी गरमच होत नाही, मी भावाला सांगून डोंबिवलीच्या एका जुन्या दुकानातून सहा आणून ठेवलेत.) दिवाळीत वहिनी डबा भरून चिवडा पाठवते, इतका कुरकुरीत असतो की डबा उघडला की आवाज येतो, आणि दोन दिवसांत तो असा सादळतो की मुलं हात लावत नाहीत. मग मी तो कढईत परत परतते. आमच्याकडे सगळं दोनदा करावं लागतं.

आता खरी भानगड म्हणजे स्लॅब. खारी हवा सिमेंटमध्ये मुरते, आतल्या सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगते आणि मग वरचा गिलावा पोपडे सुटल्यासारखा सुटतो. जुलैमध्ये दुपारी साडेतीनला सासूबाई नेहमी जिथे बसून तांदूळ निवडतात बरोब्बर तिथे ताटाएवढा तुकडा पडला. त्या फोन घ्यायला उठल्या होत्या, कोण्या क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा फोन. तेव्हापासून त्या एकाही कंपनीच्या फोनवर ओरडत नाहीत, "सांग बाळा" म्हणून सगळं ऐकून घेतात. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, सी-टू-ए आलंय, म्हणजे मोठी दुरुस्ती करा, थोडा भाग रिकामा करा वगैरे. सी-वन, म्हणजे अतिधोकादायक, आलं तर सगळ्यांनी बाहेर. आमच्या बिल्डिंगीत निम्मे लोक देवाकडे सी-वन येऊ नये म्हणून हात जोडतात आणि निम्मे यावं म्हणून.

आणि व्ह्यू? आहे ना. ओट्यासमोरच्या खिडकीतून दोन टॉवरच्या मधून समुद्राची एक उभी पट्टी दिसते, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. सासऱ्यांनी जागा घेतली तेव्हा म्हणे पूर्ण खिडकीभर दिसायचा. मी आले तेव्हा अर्धी होती. सासूबाई त्या पट्टीत बघून सांगतात, आज उधाण आहे, कपडे आत घ्या. पालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते ते मी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवते, पण त्यांचा अंदाज त्याच्यापेक्षा आधी येतो. त्या दिवसांत वर मोठा पाऊस आला की संपलं, कारण गटारांचं पाणी शेवटी समुद्रातच जायचं असतं आणि समुद्रच वर आलेला असतो, गटारांची दारं बंद करून लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनच्या पंपांनी उपसायचं. आणि उधाण ओसरलं की सीफेसवर पिशव्या, चपला, थर्माकोल, बाटल्यांचा खच. अख्ख्या मुंबईने पाठवलेलं समुद्र साभार परत करतो, आमच्या पत्त्यावर.

लाटा मात्र होत्या. पावसाळ्यात कट्ट्याला लागून उभं राहायचं, लाट भिंतीवर आपटून वर उडायची आणि डोक्यावरून ओतायची. नवऱ्याने मला लग्नानंतर पहिल्यांदा कुठे नेलं असेल तर तिथे, चतुर्थीचा उपास होता, मी चिंब आणि दाताखाली मीठ. म्हटलं उपास मोडला का हो? तो म्हणाला समुद्राचं मीठ, सैंधव समज.

२०१८ च्या शेवटी कोस्टल रोडचं काम सुरू झालं आणि पत्रे लागले. पुढची पाच-सहा वर्षं आम्ही पत्रे बघितले. धूळ, रात्रीचे डंपर. मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा उघडला आणि खोटं का बोलू, पहिल्यांदा ओलाने मरीन ड्राइव्हला गेले तेव्हा बारा मिनिटांत पोचले आणि मला अगदी परदेशात आल्यासारखं वाटलं. पण गंमत अशी की या रस्त्यावर टू-व्हीलरला बंदी. सी लिंकवर पण बंदी, ती २००९ पासून. आमच्याकडे आहे अ‍ॅक्टिव्हा. म्हणजे घराच्या एका अंगाला सी लिंक, समोर कोस्टल रोड, आणि नवरा रोज हेल्मेट घालून वरळी नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये. रात्री दीडला मात्र कोणाच्या तरी लेकाची लाखो-करोडोंची गाडी त्याच रस्त्यावरून डुरकत जाते आणि आमच्या खिडकीची काच थरथरते.

लाट आता रस्त्याच्या पलीकडे फुटते. नवीन विहारपथ झालाय, छान रुंद आहे, भुयारातून पलीकडे जायचं, मी जाते फिरायला, हवा मस्त लागते. पण सासूबाईंचे गुडघे त्या पायऱ्या मान्य करत नाहीत, त्या जुन्या कट्ट्यावर बसतात आणि समोरून गाड्या बघतात.

कोळीवाड्यातल्या एक मावशी आमच्याकडे मासळी घेऊन येतात, तीस वर्षं झाली. त्यांच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडतात, त्याच वाटेत कोस्टल रोडच्या पुलाचे खांब येणार होते, दोन खांबांमध्ये साठ मीटर. कोळी लोक अडून बसले, दोनशे मागत होते, शेवटी एकशे वीसवर आलं. मावशींशी मी बोंबलाच्या भावावरून घासाघीस करते तेव्हा त्या पाटी उचलायला लागतात, "टॉवरवाली झालीस ना गो बाय तू पण!" टॉवरवाली! भाजीवाला तेच, प्लंबर तेच. फोनवर पत्ता सांगितला की रेट वाढतो आणि मग तो तिसऱ्या मजल्यावर जिना चढून येतो, धापा टाकत आमचं घर बघतो आणि स्वतःच शंभर रुपये कमी करतो. कोपऱ्यावरचा वाणी जाऊन कॅफे आला, तिथे कॉफी तीनशे ऐंशी. पाव आणायला आता दहा मिनिटं चालावं लागतं. आणि जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी तर घरातून निघायचंच नाही, रस्ते बंद. एकदा भाऊ त्याच दिवशी हळदीकुंकवाचं वाण घेऊन आला आणि अडीच तास अडकला, मग निदान त्या वर्षी तरी म्हणाला नाही की तुझं बरंय.

समोरच्या टॉवरमध्ये कोण राहतं विचाराल तर मला अजून माहीत नाही. संध्याकाळी सात वाजता मोजते मी कधी कधी, भाकरी करताना, दिवे किती मजल्यांवर लागलेत. एका वेळी नऊ मजले काळोखात होते. आमच्याकडे जी बाई पोळ्यांना येते ती तिकडे एका घरात डस्टिंगला जाते, ती सांगते मालक वर्षात पंधरा दिवस येतात, खिडक्या उघडायच्या नाहीत अशी सूचना आहे, एसी मात्र चालू ठेवायचा, फर्निचरला ओल लागू नये म्हणून. त्या एवढ्या मोठ्या काचांवर पण मीठ बसतं हो, दोरीला लटकून माणसं पुसतात, पंधरा दिवसांत परत धुरकट.

गेल्या रविवारी खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. आमची बिल्डिंग पाडून नवी बांधतो म्हणणारा, २००८ पासूनचा हा तिसरा बिल्डर. पहिल्याने दोन वर्षं पेढे वाटले आणि दिसेनासा झाला, दुसऱ्याचं मालकाशी फाटलं. आता एक्कावन्न टक्के भाडेकरूंच्या सह्या झाल्या की पुरतं, त्यामुळे हा जरा जोरात आहे. लॅपटॉपवर चित्र दाखवलं, पन्नास मजले, निळं आकाश, गच्चीत पोहायचा तलाव, आणि समुद्र तर इतका जवळ की पाय भिजतील. खालच्या काकांनी विचारलं यातलं आमचं कुठलं. आर्किटेक्ट मुलगा गोड होता बिचारा, त्याने बोट मागे नेलं. मागे एक वेगळी, बुटकी बिल्डिंग. सेलचे, म्हणजे विकायचे फ्लॅट पुढे, आमचं रिहॅब, म्हणजे जुन्या भाडेकरूंचं, मागे, तोंड गल्लीकडे. लिफ्ट दोन, स्लॅब नवा. मेंटेनन्स विचारला तर म्हणे कॉर्पस, म्हणजे एकरकमी ठेव देऊ, त्याच्या व्याजात भागेल. सुरुवातीला. ४१२ रुपये भरणारी माणसं सगळी एकमेकांकडे बघायला लागली.

सासूबाई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यांनी हात वर केला, शाळेसारखा. "बाळा, ओट्यासमोर काय येईल?"

"आजी, ओट्यासमोर डक्ट, पाइप जातात ती पोकळी. आणि हॉलमधून पोडियम पार्किंग दिसेल."

"बरं," म्हणाल्या. "आणि हवा?"

तो मुलगा जरा गडबडला. म्हणाला, "हवा येईल की आजी, व्हेंटिलेशन आहे."

नवऱ्याने सही केली. मी पण म्हटलं कर, डोक्यावर स्लॅब पडण्यापेक्षा डक्ट बरा. वर आलो, चहा झाला. सासूबाई बराच वेळ ओट्यापाशी त्या पट्टीत बघत उभ्या होत्या, मग वळून मला म्हणाल्या, "काल शनिवार होता. तेल राहिलं." मी बनियनचा बोळा शोधायला लागले तर त्या आधीच घेऊन दारापाशी बसल्या होत्या, कोयंड्याला लावून झालं होतं, आता कडी चालली होती.